कुंगफू : पडद्यावरचे आणि आखाड्यातले

शांघायच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जून २०२५ मध्ये एक घोषणा झाली. कुंगफूच्या शंभर गाजलेल्या चित्रपटांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नवे रूप देण्याची ही योजना. ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' आणि जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' हे त्या यादीतले अग्रणी. चिनी माणसाचे चैतन्य आणि जिद्द या चित्रपटांनी जगाला दाखवली, अशा आशयाची भाषणेही झाली. पुढल्याच महिन्यात कुंगफूचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या शाओलिन मठातून अगदी वेगळ्या वळणाची बातमी आली. मठाधिपती शी योंगशिन यांची मठाचा पैसा हडप केल्याच्या संशयावरून चौकशी सुरू झाली, त्यांचे भिक्षुपदाचे प्रमाणपत्र रद्द करण्यात आले आणि दोन दिवसांत नवा मठाधिपतीही नेमला गेला. हे गृहस्थ १९९९ पासून त्या पदावर होते. मठाच्या नावाचे व्यापारचिन्ह, परदेशांतील केंद्रे, भिक्षूंच्या प्रात्यक्षिकांचे दौरे अशा उद्योगांमुळे वृत्तपत्रे त्यांना 'सीईओ भिक्षू' म्हणत असत.

वरकरणी या दोन बातम्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र कुंगफू ही आजच्या चीनमध्ये केवळ एक विद्या राहिलेली नसून राष्ट्राची प्रतिमा आणि मोठी बाजारपेठ अशा दोन्ही भूमिका तिला वठवाव्या लागतात, हे दोन्हींतून दिसते. अशा वेळी एक साधा प्रश्न फार अडचणीचा ठरतो. ही विद्या प्रत्यक्ष लढतीत कितपत चालते? गेली पन्नास-साठ वर्षे चित्रपट या प्रश्नाचे उत्तर एकाच सुरात देत आले आहेत. वास्तवात तो प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते, हे २०१७ नंतरच्या घटनांनी दाखवून दिले.

चिनी परंपरेत द्वंद्वाच्या उंच मंचाला 'लेइताई' म्हणतात. जमिनीपासून उंचावर बांधलेला हा चौथरा; बहुधा कठड्याविना. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडले की निकाल लागला. कथा-कादंबऱ्यांत आणि लोकनाट्यांत हा मंच जुनाच आहे. चित्रपटाने तो उचलला आणि त्यावर राष्ट्राला उभे केले. एका बाजूला चिनी गुरू, दुसऱ्या बाजूला परदेशी मल्ल, भोवती अपमान गिळून बसलेली गर्दी. सुरुवातीला चिनी बाजूचे दोघे-तिघे मार खातात, मग नायक मंचावर चढतो. पुढचे सांगायला नको.

या साच्याचा मूळ पुरुष म्हणजे हुओ युआनजिया. तिआनजिनजवळ १८६८ मध्ये जन्मलेला हा मल्ल १९१० मध्ये शांघाय येथे वारला. तत्पूर्वी शांघायमध्ये ताकदीचे प्रयोग करणाऱ्या ओब्रायन नावाच्या पाश्चात्त्य मल्लाला आव्हान देण्यासाठी त्याला बोलावण्यात आले होते. लढतीच्या अटींवरून बोलणी झाली, पण लढत काही झाली नाही; ओब्रायन शहर सोडून निघून गेला. १९१० मध्ये हुओच्या नावाभोवती 'जिंगवू' ही व्यायामसंस्था उभी राहिली आणि त्यानंतर काही महिन्यांतच तो गेला. त्याला फुप्फुसाचा जुना विकार होता. त्याच्यावर एका जपानी डॉक्टरने उपचार केले होते, एवढ्या आधारावर विषप्रयोगाची वदंता पसरली आणि ती आजतागायत टिकून आहे. गंमत अशी की, ज्या संस्थेने हुओला अमर केले ती स्वतः द्वंद्वांच्या फारशी नादी लागली नाही. शांघायच्या सुशिक्षित, व्यापारी तरुणांनी चालवलेल्या जिंगवूचा भर सांघिक व्यायामावर होता. स्त्रियांनाही तिथे प्रवेश होता. गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या वर्गात शिकवता येते, हे तिने दाखवले. पण वर्गावर चित्रपट निघत नाही, न झालेल्या लढतीवर निघतो.

तो निघालाही. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'ची सुरुवात हुओच्या मृत्यूपासून होते. ब्रूस लीने रंगवलेला त्याचा शिष्य चेन झेन ही निखळ काल्पनिक व्यक्ती, पण ती इतकी लोकप्रिय झाली की अनेकांना ती खरीच वाटते. जपानी आखाड्याने पाठवलेली 'पूर्व आशियाचा रोगी' ही पाटी घेऊन चेन झेन तिथे एकटा जातो आणि सगळ्यांना लोळवून पाटीचे तुकडे करतो. हा शब्दप्रयोग मुळात दुबळ्या झालेल्या चिंग राजवटीच्या कारभाराविषयीचा. चिनी सुधारकांनीच तो स्वकीयांना जागे करण्यासाठी पसरवला. पुढे तो चिनी शरीराची परक्याने केलेली कुचेष्टा म्हणून वाचला जाऊ लागला आणि ब्रूस लीच्या लाथेने त्यावर शिक्कामोर्तब केले. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. तिथल्या चित्रपटगृहांतून ज्या टाळ्या पडल्या त्यांचा अर्थ समजण्यासारखा आहे. हे मात्र विसरता कामा नये की, त्या चित्रपटाचा शेवट विजयाचा नाही. प्रत्येक लढत जिंकणारा चेन झेन अखेर रोखलेल्या बंदुकांवर झेप घेतो आणि चित्र तिथेच गोठते. मुठीने बंदूक हरत नाही, हे त्या चित्रपटाला ठाऊक होते. नंतरच्या अनुकरणांना त्याचा विसर पडला.

पुढल्याच वर्षी आलेल्या 'एन्टर द ड्रॅगन'ने हा मंच हॉलिवूडच्या सोयीने बदलला. बेटावरची स्पर्धा, नाना देशांचे मल्ल, मागे अमली पदार्थांचा व्यापार. राष्ट्राचा अपमान वजा झाला आणि केवळ स्पर्धा उरली. 'ब्लडस्पोर्ट'पासून 'मॉर्टल कॉम्बॅट'पर्यंतचे चित्रपट आणि व्हिडिओ गेम त्याच बेटाचे रहिवासी. आपल्याकडच्या व्हिडिओ पार्लरच्या पिढीला कुंगफू भेटले ते प्रामुख्याने याच मार्गाने.

चीनमध्ये मात्र राष्ट्र मंचावरून उतरायला तयार नव्हते. २००६ च्या 'फिअरलेस'मध्ये जेट लीचा हुओ एकाच दिवशी युरोपचे तीन प्रतिस्पर्धी हरवतो आणि जपानी प्रतिस्पर्ध्याशी लढताना विष दिलेला चहा पिऊन मरतो. चित्रपटात त्याच्या आईची आणि मुलीची हत्या होते, वंश खुंटतो. प्रत्यक्षात हुओचे वारस हयात होते. त्याच्या वृद्ध नातवाने चित्रपटाविरुद्ध बीजिंगच्या न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. राष्ट्रपुरुष झाल्यावर आजोबा घरच्यांचे राहत नाहीत, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

इप मॅन यांच्या बाबतीत तर इतिहासाची उलथापालथ अधिक बोलकी आहे. २००८ च्या चित्रपटात डॉनी येनने साकारलेले इप मॅन जपानी अमलाखालच्या फोशान शहरात दहा कराटेपटूंना एकट्याने लोळवतात, जपानी सेनापतीला भर मंचावर हरवतात आणि त्यामुळेच त्यांना हाँगकाँगला पळावे लागते. खरे इप मॅन राष्ट्रवादी सरकारच्या पोलीस खात्यात होते. १९४९ मध्ये साम्यवादी क्रांती यशस्वी झाली तेव्हा त्यांनी फोशान सोडले. म्हणजे ते ज्यांच्या भीतीने निघाले ते जपानी नव्हते. मुख्य भूमीच्या चित्रपटगृहांत दाखवायच्या चित्रपटात हे सांगणे शक्यच नव्हते, तेव्हा एक जपानी सेनापती निर्माण करण्यात आला. पुढच्या भागांत ब्रिटिश मुष्टियोद्धा आला, मग माईक टायसन आला, २०१९ च्या चौथ्या भागात अमेरिकी नौसैनिक आले. प्रतिस्पर्ध्यांची ही यादी चीनच्या परराष्ट्र संबंधांशी ताडून पाहावी, असा मोह होतो.

मग खऱ्या लढतींचे काय? त्या झाल्याच नाहीत असे नाही. राष्ट्रवादी राजवटीने या विद्येला 'गुओशू' म्हणजे राष्ट्रीय कला असे नाव देऊन १९२८ मध्ये नानजिंगला आणि १९२९ मध्ये हांगझोऊला मोठ्या स्पर्धा भरवल्या. त्यांत समोरासमोरच्या लढती होत्या आणि जखमींची संख्याही मोठी होती. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकात विंग चुन आणि इतर घराण्यांची पोरे इमारतींच्या गच्च्यांवर जमून एकमेकांची परीक्षा पाहत. तिथे ना तिकीट ना वार्ताहर. या साऱ्यांत सर्वांत उद्बोधक ठरते ती १७ जानेवारी १९५४ ची मकावची लढत.

एका बाजूला वू घराण्याचे ताइची गुरू वू गोंगयी, वय पन्नाशीच्या पुढे. दुसऱ्या बाजूला श्वेतक्रौंच शैलीचे तरुण गुरू चान हाक-फू. वादाला तोंड वृत्तपत्रांतून फुटले होते. हाँगकाँगमध्ये अशा लढतीला परवानगी नव्हती म्हणून ती पोर्तुगीजांच्या मकावमध्ये झाली. आदल्या महिन्यात, नाताळच्या रात्री, हाँगकाँगच्या शेक किप मेइ झोपडपट्टीला भीषण आग लागली होती; तिथल्या बेघरांसाठी मदतनिधी असे लढतीला निमित्तही होते. हजारो लोक समुद्र ओलांडून गेले. प्रत्यक्षात काय झाले? चान यांच्या नाकातून रक्त आले, लाथेवरून वाद झाला, दुसऱ्याच फेरीत लढत थांबवण्यात आली आणि पंचांनी निकाल दिला तो असा : कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही, बरोबरीही नाही. त्या लढतीची चित्रफीत आज उपलब्ध आहे. तिच्यात ना क्रौंच दिसतो ना ताइचीचे वाहते पाणी. दोन गांगरलेली माणसे हात वेडेवाकडे फिरवत एकमेकांवर धावतात आणि मागे सरकतात. आयुष्यभर एकट्याने किंवा आपल्याच शिष्यांबरोबर सराव केलेल्या माणसाचे अनोळखी प्रतिस्पर्ध्यापुढे हेच होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण कीर्तीच्या मानाने ते फारच थोडे होते.

या फसलेल्या लढतीतून जे निघाले ते मात्र दीर्घायुषी ठरले. लढतीवर उड्या पडलेल्या वाचकांची भूक ओळखून हाँगकाँगच्या 'न्यू इव्हिनिंग पोस्ट' या दैनिकाने तीन दिवसांनी, २० जानेवारीला, लियांग युशेंग यांची युद्धविद्येवरची कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात केली. पुढल्या वर्षी त्याच वृत्तपत्रात जिन योंग लिहिते झाले. नव्या वुशिया साहित्याचा आरंभ इथून मानतात आणि पुढचे असंख्य चित्रपट, मालिका व गेम याच साहित्यावर पोसले गेले. मंचाने निकाल दिला नाही तेव्हा तो कादंबरीकारांनी दिला, असे म्हणता येईल.

साम्यवादी राजवटीने १९४९ नंतर वेगळी वाट धरली. घराणी, गुरुपरंपरा, गुप्त मंडळ्या यांच्याविषयी तिला संशय होता. त्यामुळे युद्धविद्येचे 'वुशू' या क्रीडाप्रकारात रूपांतर करताना लढतींना बाजूला सारून भर दिला गेला तो 'ताओलू' म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या प्रदर्शनावर. त्यात उडी किती उंच, तोल किती अचूक, यासाठी गुण मिळतात. समोर प्रतिस्पर्धी नसतोच. या प्रकारात लागोपाठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवलेला मुलगा १९८२ च्या 'शाओलिन टेंपल' चित्रपटाचा नायक झाला. तोच जेट ली. मठात प्रवेश घेण्यासाठी देशभरातून पोरे पळून आली ती हा चित्रपट पाहून. समोरासमोरच्या लढतीचा 'सांदा' हा प्रकार १९७९ नंतर प्रायोगिक स्वरूपात परतला, परंतु ठोसे, लाथा आणि पकडी यांची ही आधुनिक रचना जुन्या घराण्यांना आपली वाटली नाही. परंपरा एकीकडे आणि लढत दुसरीकडे, अशी वाटणी झाली.

ही वाटणी २७ एप्रिल २०१७ रोजी चेंगडूमध्ये उघडी पडली. शू शिआओदोंग या बीजिंगच्या मिश्र युद्धकलेच्या प्रशिक्षकाने ताइचीचे स्वयंघोषित गुरू वेइ लेइ यांना अवघ्या काही सेकंदांत, वीसही नव्हे, जमिनीवर लोळवले. हे वेइ लेइ यापूर्वी सरकारी दूरचित्रवाणीवर झळकले होते. हातावर बसलेले कबुतर उडू न देण्याची आणि कलिंगडाच्या सालीला धक्का न लावता आतला गर फोडण्याची किमया त्यांनी तिथे दाखवली होती. शू यांचे म्हणणे होते की, आपला विरोध परंपरेला नसून परंपरेच्या नावाने चाललेल्या भोंदूगिरीला आहे. भाषा मात्र तिखट होती, आणि त्यांनी एकामागून एक गुरूंना आव्हाने द्यायला सुरुवात केली.

प्रतिक्रिया बोलकी होती. कबुतराच्या किमयेची चौकशी करावी असे कुणाला सुचले नाही. चिनी वुशू संघटनेने ही लढत युद्धविद्येच्या नीतीविरुद्ध असल्याचे सांगितले. पेयउद्योगातील एका धनाढ्याने शू यांना हरवणाऱ्या ताइची पथकासाठी एक कोटी युआनचे इनाम जाहीर केले. शू यांचे वेइबो खाते बंद झाले. वर्षअखेरीस क्रीडा प्रशासनाने खासगी लढती आणि स्वयंघोषित पदव्या या दोन्हींवर निर्बंध आणले. पुढे एका नामवंत ताइची गुरूची बदनामी केल्याच्या खटल्यात शू हरले. भरपाई आणि जाहीर माफी असा आदेश झाला. तो वेळेत न पाळल्यामुळे २०१९ मध्ये त्यांचे नाव काळ्या यादीत गेले आणि विमान वा वेगवान रेल्वेचे तिकीट काढणे त्यांना अशक्य झाले. त्याच वर्षी एका लढतीला ते चेहरा रंगवून आणि टोपणनाव घेऊन उतरले. आपली ओळख पुसून लढावे लागणारा हा नायक कुठल्याही पटकथाकाराला सुचला नसता.

शू यांचे सगळेच ग्राह्य धरावे असे नाही. धट्टाकट्टा, रोज सराव करणारा लढवय्या एखाद्या पोट सुटलेल्या गुरूला हरवतो तेव्हा ताइची खोटी ठरत नाही. तो गुरू खोटा ठरतो. सकाळी बागेत ताइची करणाऱ्या कोट्यवधी वृद्धांना कुणाला लोळवायचे नसते, गुडघे आणि तोल सांभाळायचा असतो, आणि तो हेतू साध्य होतो. परंतु ज्यांनी लढण्याची विद्या म्हणून तिची फी घेतली त्यांना लढून दाखवा असे म्हणणे हा गुन्हा कसा होतो? कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्या आपल्या पैलवानाला हा प्रश्नच कळणार नाही. पाठ मातीला लागली की घराण्याची महती सांगून ती उठवता येत नाही. चीनची अडचण अशी की, तिथे पराभव एका माणसाचा राहत नाही. पडद्याने पन्नास वर्षे मंचावर राष्ट्राला उभे केले आणि २०१६ पासून सत्ताधारी पक्षाने 'सांस्कृतिक आत्मविश्वास' हे ब्रीद स्वीकारले. तेव्हा चेंगडूत कोण पडले, वेइ लेइ की परंपरा, हे ठरवण्याचा अधिकार प्रेक्षकाकडे उरला नाही.

मे २०२० मध्ये याचीच विनोदी आवृत्ती घडली. मा बाओगुओ नावाचे सत्तरीकडे झुकलेले ताइची गुरू शांदोंग प्रांतात एका हौशी लढवय्यासमोर उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात तीनदा पडले. नंतर डोळ्याखाली काळे-निळे घेऊन, तरुणांना युद्धविद्येची नीती उरली नाही, अशी तक्रार करणारी त्यांची चित्रफीत देशभर विनोदाचा विषय झाली. तरुणाईने त्यांच्या वाक्यांची गाणी केली. त्याच नोव्हेंबरात 'पीपल्स डेली'च्या एका टिपणीने हा तमाशा आता थांबवा असे बजावले. पुढल्या महिन्यात युनेस्कोने ताइचीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

प्रश्न विचारणाऱ्याची ही गत साम्यवादी राजवटीतच झाली असे मानण्याचे कारण नाही. तांग हाओ या कायदेपंडित इतिहासकाराने १९३० मध्ये शाओलिन आणि वुदांग या दोन्ही परंपरांच्या उगमकथा कागदपत्रांच्या आधारे खोडून काढल्या. त्यांनाही मल्लांचा रोष पत्करावा लागला, असे सांगतात. यातली एक कथा आपल्या जिव्हाळ्याची आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धविद्या शिकवली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. कराटेच्या वर्गांतून तर हमखास. या समजुतीचा आधार असलेला 'यिजिन जिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी रचलेला, आणि त्याला जोडलेल्या प्रस्तावना बनावट आहेत. ही कथा सर्वतोमुखी झाली ती तर विसाव्या शतकाच्या आरंभी, एका लोकप्रिय कादंबरीतून. तेव्हा चिनी माणसाच्या हळवेपणाला हसताना आपणही जरा जपून हसलेले बरे.

चिनी चित्रपटाला हे सारे कळत नाही असे मात्र नाही. शू हाओफेंग या दिग्दर्शकाचा २०१५ चा 'द फायनल मास्टर' पाहावा. तिआनजिनमध्ये आखाडा उघडायचा तर आठ आखाडे जिंकले पाहिजेत, असा दंडक. पण जिंकून आलेल्याने आपली खरी विद्या शिकवू नये, अशी प्रस्थापितांची व्यवस्था. इथे द्वंद्व हा परवाना मिळवण्याचा व्यवहार आहे आणि मागे लष्करी अधिकारी हिशेब मांडून बसले आहेत. याच शू हाओफेंग यांचा सहभाग असलेल्या, वाँग कार-वाई यांच्या 'द ग्रँडमास्टर'मध्ये उत्तरेचा वृद्ध गुरू इप मॅनपुढे हातात एक वडी धरतो आणि ती फोडायला सांगतो. परदेशी मल्ल नाही, पाटी नाही, दोन माणसांमध्ये एक वडी. स्टीफन चाऊने २००४ च्या 'कुंगफू हसल'मध्ये गुप्त विद्येच्या स्वस्त पुस्तिका विकणाऱ्या भिकाऱ्याची थट्टा केली होती आणि शेवटी त्याच पुस्तिकेतली विद्या खरीही ठरवली होती. या वेडावर प्रेम असल्याशिवाय असा विनोद जमत नाही.

दरम्यान निकाल देणारा मंच चीनमध्ये दुसरीकडेच उभा राहिला आहे. हबेइ प्रांतातील खाण कामगाराची मुलगी झांग वेइली लहानपणी सांदा शिकली, पुढे जिममध्ये नोकरी करत मिश्र युद्धकलेकडे वळली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये शेनझेनला ब्राझीलच्या जेसिका आंद्राजला मिनिटाच्या आत हरवून यूएफसीची पहिली चिनी जगज्जेती झाली. २०२० मध्ये तिने ते पद राखले, २०२१ मध्ये गमावले, २०२२ मध्ये परत मिळवले. तिच्या विजयांचा सरकारी माध्यमांनी गौरव केला, आणि २०२१ च्या पराभवानंतर युद्धविद्येच्या नीतीची चर्चा कुणी काढली नाही. तिकडे वुशूला २०२६ च्या डाकार युवा ऑलिंपिकच्या कार्यक्रमात स्थान मिळाले, ते समोर प्रतिस्पर्धी नसलेल्या ताओलू प्रकारासाठी.